बुरशीला गोड घातलंस तू

१२ जानेवारी

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. आधी सगळ्यांची खुशाली विचारते, भांडण मागाहून. भावजयबाईंचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्यावर भागतं, की अजून तुझाच खांदा लागतो? थोरलीच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला म्हणे. पडून वाचू नको म्हणावं, ऐकणार नाही ते वेगळं. शेंडेफळाचा खोकला गेला का? तुझ्या सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं असं तुझा मॅनेजर सांगत होता. तुझ्या घरात राहायचं तर ते सोयीचंच म्हणायचं. आणि तुझं पित्त? इथे तुझे भावजी कंबरेत वाकलेत, जीभ मात्र ताठ आहे. मी बरी आहे.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू ‘हो ताई, बरं ताई’ करतोस आणि ठेवून देतोस. कागद असा ठेवून देता येत नाही. निदान उघडावा तरी लागतो.

आता भांडण.

तुझ्या कारखान्याच्या मागच्या हौदातून प्लास्टिकचे पाइप मऊ करायचं तेल जमिनीत झिरपलं आणि आमच्या घरांच्या ओळीची विहीर बंद झाली, हे तुला नव्याने सांगायला नको. विहिरीवर झाकण, झाकणावर कुलूप, कुलपावर पाणीखात्याचं लाल सील. आम्ही टँकरपुढे बादल्या घेऊन उभे राहतो. या वर्षीच्या तपासणीत पाणी पास झालं नाही तर ओळ राहण्यालायक नाही असा शेरा पडणार आणि घरं रिकामी करावी लागणार. इथवर मला माहीत होतं. पण रिकामी झालेली जागा वाढीव शेडसाठी मिळावी म्हणून आधीच अर्ज पडलाय, आणि तो तुझा आहे, हे मला शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळावं? माणूस आजारी असताना त्याच्या खाटेचं माप घेतात का रे?

ओळीतलं शेवटचं घर माझं आहे. त्याच्याच मागच्या खोलीत तू पहिला पाइप काढलास. भावजी ढवळायला, मी वेटोळी बांधायला. त्या धुराने माझ्या भिंती काळ्या झाल्या तेव्हा तू म्हणाला होतास, ताई, तुला बंगला बांधून देतो. बंगला राहू दे. आहे ते पाडू नकोस.

आणि घाई करू नकोस, कारण विहीर सुधारतेय. विद्यापीठातून एक मुलगी येते. ओळीने तिचं नाव बुरशीबाई ठेवलंय आणि तीही त्या हाकेला ओ देते. मागच्या वर्षी ती माझ्या अंगणात आली, कोपऱ्यात पडलेला जुना पाइप उचलला, तुझ्याच कारखान्याचा, काठीसारखा ताठ झालेला. मी म्हटलं, उन्हाने झालाय. तिने त्याच्यावरची करडी-हिरवी बुरशी नखाने खरवडली आणि म्हणाली, “आजी, ऊन नाही. ही बुरशी पाइपातलं तेल खातेय. मऊपणा गेला तो हिच्या पोटात.” ज्या बुरशीपायी गिऱ्हाइकं तुझ्या दारात कडक पाइप आपटून जायची, तीच ही. तू तिला जन्मभर शिव्या दिल्यास. मी आता तिला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवलाय.

तुझा हौद आणि आमची विहीर यांच्यामधल्या चरात तिने लाकडाच्या भुशाचे वाफे घातले आणि त्यात ही बुरशी पेरली. झिरपणारं पाणी वाफ्यांतून जातं, तेल तिथं अडतं आणि बुरशी ते तोडून तोडून संपवते. पाण्यातलं तेल निम्म्याच्याही खाली आलंय. पोरीची एकच अट आहे. वाफ्यात गोडधोड पडता कामा नये. शिंपीणबाई कनवाळू, ‘बिचारी नुसत्या तेलावर जगते’ म्हणून उरलेला चहा ओतायच्या. त्यांना असं फैलावर घेतलं पोरीने. गोड समोर आलं की ही तेलाला तोंडच लावत नाही म्हणे. ऐकून मला तू आठवलास. साखर दाखवल्याशिवाय औषध घेत नसायचास, आणि साखर मिळाली की औषध पलंगाखाली.

तर मागणं हे: आम्हाला भुसा देणारी वखार बंद झाली. तपासणीआधी वाफ्यांत नवा भुसा पडायला हवा. तुझा ट्रक लाकडी खोकी करणाऱ्यांवरून रिकामा येतो, त्यांच्याकडून कोरड्या भुशाची पोती भरून पाठव. भीक मागत नाही. तेल तुझं, तर भुसाही तुझाच असू दे.

तुझी
ताई

२० फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

आशीर्वाद. पोती पोचली. पत्राला उत्तर नाही, पण पोती पोचली. मी तेच उत्तर धरते.

मागच्या पत्रात जे बोलले त्यातलं निम्मं परत घेते. अर्जाचं परत घेत नाही. ट्रकवाल्याला विचारलं, कुणी पाठवली रे? म्हणाला, “खुद्द मालकांनी. फोन करकरून पाठवलीत.” ऐकून मी पदराने डोळे पुसले आणि भावजी म्हणाले, “भुशाला रडणारी बाई पहिल्यांदा पाहिली.”

पोत्यांवर फळांच्या रसवाल्या कंपनीचा शिक्का आहे. पोती जुनी वापरली असशील. भुसा जरा तांबूस आहे, वासही निराळा, पण भावाने पाठवलेल्या पोत्यात कोण नाक घालत बसतं?

ओळीने मिळून सगळे वाफे भरले. शिंपीणबाई मशीन बंद करून आल्या. बुरशीबाई नेमकी तापाने पडलीय, तिला यायला जमलं नाही, तर आम्हीच केलं. आणि काय सांगू, चार दिवसांत वाफे असे फुगले की जणू कुणी कापसाची गादी अंथरली. आधी ही बया कशी मरतुकडी दिसायची, करडी, विटकी, कुठे आहे कुठे नाही. आता पांढरीशुभ्र, हाताएवढी जाड. ओळीतला जो तो जाता-येता बघून म्हणतो, काय बाळसं धरलंय. शिंपीणबाई तर म्हणाल्या, “ताई, तुमच्या माहेरचं अन्न लागलं हो तिला.” दिवसभर मला ते वाक्य पुरलं.

माश्या मात्र फार झाल्यात. मधमाश्यासुद्धा. भावजी म्हणतात, चरात सरबत वाहतंय की काय.

पुढच्या महिन्यात खात्याचे लोक पाणी भरून नेतील. पास झालं की पहिली बादली कुणी ओढायची यावरून आत्ताच वाद चाललेत. तू येतोस का? भावजयबाईंनाही आण, गुडघ्याचं मी बघते.

तुझी
ताई

२ एप्रिल

भुंग्या,

पाणी नापास झालं. तेल निम्म्याच्या खाली होतं, ते पहिल्याइतकं वर गेलंय. तुला हे माझ्याआधी कळलंय, मला माहीत आहे.

खुशाली विचारत नाही. तुझ्या घरातल्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, त्यांनी सुखात राहावं.

निकाल आला त्या दिवशी बुरशीबाई धावत आली. तापातून उठलेली, तोंड एवढंसं. आम्ही सगळे चरापाशी उभे. मी म्हटलं, “अगं, पण वाढलीय बघ किती. एवढी धष्टपुष्ट बुरशी नापास कशी होईल?” ती वाफ्यापाशी वाकली. रागावली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “आजी, ही जाड झालीय म्हणजे हिला दुसरं काहीतरी खायला मिळतंय.” मग म्हणाली, पोतं उरलंय का एखादं. शिंपीणबाईंच्या पडवीत एक न उघडलेलं होतं. तिने शिवण उसवली, चिमूटभर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि मला पुढे केलं.

साखर. फळांचा रस काढून उरलेला चोथा, वाळवून दळलेला, वर दाखवायला थोडा लाकडाचा भुसा. महिनाभर आमची बुरशी मेजवानी झोडत होती आणि तुझं तेल तिच्या अंगाखालून विहिरीत उतरत होतं. आणि आम्ही कडेला उभं राहून तिचं बाळसं बघत होतो. ओळीतल्या बायका आम्ही. अंगाने भरलं की बरं चाललंय, एवढंच आम्हाला आयुष्यभर कळलेलं. कुणालाही फसवायचं तर हेच करावं.

मला वाटलं, चूक झाली असेल. खरं सांगते, तो अख्खा दिवस मी तुझी वकिली केली. खोकीवाल्यांकडे भुसा संपला असेल, हाताखालच्यांनी घोळ घातला असेल. मग तुझा निरोप आला की हा सगळा मॅनेजरचा गाढवपणा आहे आणि मालकांनी त्याला कामावरून काढायचं ठरवलंय. तो बापडा माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणाला, “ताई, मी ती पोती पाहिलीसुद्धा नाहीत. माझ्या टेबलावरून कागद गेला नाही की माझ्या तोंडून शब्द गेला नाही.” त्याला पाणी दिलं, टँकरचं, आणि ट्रकवाल्याला बोलावून घेतलं.

भावजींनी विचारलं, “बाबा, खोकीवाल्यांचा भुसा वाटेवर असताना तू आडवाट करून रसवाल्यांकडे का गेलास?” तेव्हा तो खरं बोलला. “मी खोकीवाल्यांचीच पोती भरली होती. मालकांचा फोन आला, ती उतरव म्हणाले. रसवाल्यांकडून घे, आणि धुतलेला चोथा देतील तर घेऊ नको, न धुतलेलाच हवा.”

न धुतलेलाच हवा.

हे तुला कुणी शिकवलं रे? तुझ्या कारखान्यात एकाला तरी ठाऊक होतं का, बुरशी गोड खाते की कडू? बुरशीबाईने ओळीला सांगितलं, आणि ओळीबाहेर एकाच माणसाला ते कळलं, कारण त्याच्या बहिणीने त्याला हौसेने कळवलं. मी तुला भुसा मागितला आणि त्याच पत्रात आमचा गळा कुठून दाबायचा तेही लिहून दिलं. घरच्या माणसाला घरातली गंमत सांगावी तसं. तू त्यातली गंमत बाजूला काढून ठेवलीस आणि बाकीचं कामाला लावलंस.

उघड वैर केलं असतंस तर मी पदर खोचून लढले असते. शेडसाठी जागा हवी, तुम्ही उठा, असं तोंडावर म्हणाला असतास तर चार शिव्या देऊन दार लावलं असतं. पण तू पोती पाठवलीस. मी ती स्वतःच्या हाताने उपसली रे. गुडघे टेकून वाफ्यात पसरली आणि शिंपीणबाईंना म्हटलं, माझ्या भावाने पाठवलंय, सांडू नका. कुंपणाने शेत खाल्लं असं लोक म्हणतात. इथे शेताने स्वतः कुंपणाला पान वाढलं.

भावजी म्हणतात, तू त्याला लाडावून ठेवलंस, त्याची ही फळं. असेल. आई गेल्यावर तुला कडू काही लागू नये म्हणून मी धडपडले, हे खरं. पण लाड केलेली सगळीच पोरं विहिरी नासवत नाहीत. त्यामुळे ते गाठोडं मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. तुझं तू उचल.

आता ऐक. पंधरा तारखेला पाणीखात्याच्या कचेरीत सुनावणी आहे. ओळीबद्दल अधिकारी तिथेच ठरवणार. ओळीला अजून वाटतंय की मॅनेजरने घोळ घातला. भावजी, ट्रकवाला आणि मी, आम्हा तिघांपलीकडे कुणाला तुझं नाव माहीत नाही. मॅनेजरलाही नाही, त्याला मी तेव्हा आत पाठवलं होतं. ट्रकवाला नोकरीच्या भीतीने गप्प आहे. तू सुनावणीआधी खात्याला लिहून कळव की पोती तू बदललीस. तुझ्या हाताने, तुझ्या सहीने. तेवढं केलंस तर बाकीचं आपण घरात भांडू. नाही केलंस तर मी उभी राहीन, आणि मी उभी राहिले की अर्धवट बोलत नाही हे तुला ठाऊक आहे.

ताई

१७ एप्रिल

भुंग्या,

तुझं पत्र आलं नाही. मॅनेजरकडे निरोप आला: ‘ताईंना सांगा, वयानुसार गैरसमज होतात, त्यांनी उन्हातान्हात कचेरीत जाऊ नये, तब्येतीला जपावं.’ माझ्या तब्येतीची काळजी करायला तुला बरोबर सुनावणीचाच दिवस सापडला. आणि ज्याला तू काढून टाकणार होतास त्याच्याच तोंडून ते वदवलंस. मॅनेजरने निरोप सांगितला आणि वर म्हणाला, “मी फक्त पोचवतोय, ताई. मलाही वाईट वाटतंय.”

मी गेले. भावजी काठी टेकत आले, शिंपीणबाई आल्या, ओळीतलं ज्याला काम सोडता आलं तो तो आला. तुझा वकील छान कपड्यांत होता. त्याने सांगितलं की बुरशीचा प्रयोग फसला, लोकांच्या जिवाशी खेळ नको, ओळ लवकरात लवकर हलवावी, कारखाना माणुसकीच्या नात्याने सामानासाठी ट्रक देईल. ट्रक म्हटल्यावर मला हसूच आलं. अधिकाऱ्याने विचारलं, “आजी, का हसता?”

मी म्हटलं, “ट्रक नको साहेब. मागच्या वेळी त्याच ट्रकमधून चोथा आला.”

आणि मग सगळं सांगितलं. पोती कोणती भरली होती, कोणती उतरवायला लावली, कुणी लावली. अधिकारी म्हणाला, “तुमचा त्या मालकांशी काही जुना वाद?” मी म्हटलं, “वाद आत्ताचा आहे. तो माझा धाकटा भाऊ.”

तुझा वकील उठून म्हणाला, “हा कौटुंबिक मामला दिसतो, याला पुरावा नाही.” तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ट्रकवाला. त्याला मी बोलावलं नव्हतं, ट्रक बाहेर उभा करून आपणच येऊन बसला होता. म्हणाला, “मालकांचा फोन मी घेतला होता. नोकरी गेली तर ताईंच्या ओळीत भाड्याने राहीन, ओळ राहिली तर.” लोक हसले. अधिकारीसुद्धा खाली बघून हसला.

बुरशीबाईने मग काचेच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. एकीत नुसतं तेलाचं पाणी आणि आपली बुरशी, दुसरीत तेच पाणी, तीच बुरशी आणि त्या पोत्यातला चोथा. आकडे वाचून दाखवले. चोथ्याच्या बाटलीत बुरशी गादीसारखी, आणि तेल जवळजवळ होतं तेवढंच. पहिलीत बुरशीचा नुसता पापुद्रा, आणि तेल बरंचसं संपलेलं. तुझ्या वकिलाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, पण बाटल्या तशाच राहिल्या.

निकाल असा: ओळ हलवायची नाही. वाफे नव्याने घालून पुन्हा तपासणी. तोवर तुझा मागचा हौद सीलबंद, त्यात थेंब सोडायचा नाही. तुझा अर्ज बाजूला ठेवलाय. पोत्यांची चौकशी वेगळी होईल, ती तुला कळेलच. विहीर उघडली नाही, अजून टँकरच आहे. पुढच्या तपासणीत काय होईल ते बुरशीबाईलाही सांगता येत नाही. पण घरं उभी आहेत.

काल आम्ही सगळा चोथा उपसला. नवा भुसा मॅनेजरने स्वतःच्या ओळखीने आणला. या वेळी ओळीतल्या प्रत्येकाने हात घालून वास घेतला, मगच वाफ्यात पडला. माझ्याही पोत्याचा वास घेतला, माझ्यासमोर. मला झोंबलं, पण बरोबर केलं त्यांनी.

शिंपीणबाई फावडं टेकून म्हणाल्या, “ताई, तुमचं माहेर गेलं की हो.” मी म्हटलं, माझं माहेर म्हणजे एक भाऊ, आणि तो कुठे जातोय, आहे तिथेच आहे निर्लज्जासारखा. त्या हसल्या. मी हसले नाही. घरी येऊन चुलीपुढे बसले तेव्हा भावजींनी चहा करून दिला. चाळीस वर्षांत त्यांनी केलेला पहिला चहा, आणि पाण्याहून पातळ.

लोक विचारतात, भावाचं नाव घेताना जीभ कशी वळली? वळली नाहीच. वळवावी लागली. तू ती वेळ माझ्यावर आणलीस, याचा राग पोत्यांपेक्षा जास्त आहे. पोती उपसली, संपली. भरल्या खोलीत ‘तो माझा धाकटा भाऊ’ म्हणाले, ते कुठल्या फावड्याने उपसू?

ट्रकवाल्याला आणि मॅनेजरला कामावरून काढू नकोस. काढलंस तर मी पुन्हा कचेरीत जाईन. वाट आता पाठ झालीय.

आता उत्तर लिही. माफी मागू नकोस, मला आत्ता ती नको आहे. भांड, उलटं लिही, मला खोटी ठरव, काय वाटेल ते कर, पण लिही, आणि लवकर लिही. तू फार दिवस गप्प राहिलास तर मला वाटायला लागेल की तुला लाज वाटतेय, आणि मग माझा राग उतरेल. तो मला इतक्यात उतरू द्यायचा नाही.

ताई